रोमन सैनिकाचा खंजीर व त्याचें म्यान

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ज्यूलियस सीझरच्या वधाचा प्रवेश करून दाखविला, हें वाचकांस स्मरत असेलच. प्रवेश चांगला वठला. टोगा म्हणून गुंडाळलेल्या चादरी एकदोनदां घसरल्या, पण प्रेक्षकांनीं उदार मनानें तिकडे दुर्लक्ष केलें. या प्रवेशाकरितां मुलांनीं आपसांत वर्गणी जमवून एक ‘अस्सल रोमन खंजीर’ म्यानासह विकत आणविला होता. तो मागविण्यापूर्वीं त्यांनीं त्याचें चित्र आम्हांस दाखविलें, आणि इतिहासाचे शिक्षक या नात्यानें आम्हीं मान डोलावली. इतकेंच नव्हे, तर वस्तु आल्यावर ती वर्गांत फिरवून, रोमन सैनिक असाच खंजीर कमरेस लावीत असे, असें सांगूनही टाकलें.

संमेलनानंतर आठ दिवसांनीं सातवींतील एक विद्यार्थी ग्रंथालयांतील एक पुस्तक काखेंत मारून आमच्याकडे आला. पुस्तकांत ब्रूटसच्या नाण्याचें चित्र होतें. “सर, सीझरला मारणाऱ्यानेंच आपल्या नाण्यावर खंजीर काढला आहे तो असा आहे, मग आपला असा कां?” एवढाच त्याचा प्रश्न. आम्हीं चित्र आणि खंजीर शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें, आणि उत्तरासाठीं एका दिवसाची मुदत मागून घेतली. त्या एका दिवसाचे पुढें कित्येक महिने झाले. त्या मुलास जें उत्तर द्यावयाचें तेंच येथें विस्तारानें लिहीत आहों. यंदाही रोमन सैनिक रंगभूमीवर यावयाचे आहेत, तेव्हां त्याचा उपयोग इतरांसही होईल.

प्रारंभीं एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. या हत्याराचें लॅटिन नांव पूगिओ. मराठींत लिहितांना कट्यार हा शब्द सहज लेखणींतून उतरतो, पण तो येथें चालणार नाहीं. आपल्या कट्यारीला दोन उभ्या पट्ट्यांमध्यें आडवी मूठ असते. ती वळलेल्या मुठींत धरून ठोसा मारल्याप्रमाणें पुढें खुपसावयाची असते. पूगिओची मूठ पात्याच्या रेषेंतच सरळ असते. म्हणून आम्ही येथें सर्वत्र खंजीर हा शब्द योजिला आहे. आमच्या संमेलनांत कॅस्काचें काम करणाऱ्या मुलानें तो खंजीर कट्यारीसारखा धरण्याचा यत्न केला होता, त्याचें कारण शब्दांतच असावें असें आतां वाटतें.

युरोपांत रोमन सैनिकांचा वेष करून त्यांच्या कवायती व रहाणी लोकांस दाखविणारीं मंडळें आहेत. इंग्लंडांत १९७२ सालीं ग्लॉस्टरशायरमधील खेड्यांतल्या रहिवाशांनीं स्थापिलेलें अर्माइन स्ट्रीट गार्ड हें त्यांतलें एक जुनें मंडळ. १९८५ सालीं मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकारानें कांहीं सोबती घेऊन रोमन सैनिकाच्या पूर्ण साजांत इटलींतील व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून आउग्सबुर्गपर्यंत पायीं मजल मारली. असल्या काटेकोर मंडळींत नवीन माणूस आला कीं त्यास प्रथम वस्तूंची किंमत सांगत नाहींत. प्रश्न विचारतात: तूं कोणता सैनिक, कोठला, आणि कोणत्या सालचा? या तीन प्रश्नांचें उत्तर मिळाल्यावांचून खंजीर निवडतांच येत नाहीं. ‘रोमन’ हें विशेषण सहासात शतकांना पुरतें. एखाद्या नाटकांत शिवाजी महाराजांच्या मावळ्याच्या खांद्यावर १८५७ सालची एन्फील्ड बंदूक दिली, तर दोन्ही गोष्टी हिंदुस्थानांतल्याच, एवढ्यानें भागेल काय? आमच्या खंजिराचें नेमकें हेंच झालें होतें.

रोमन लोकांस हें हत्यार स्पेनमध्यें मिळालें. इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास पोलिबियसनें रोमन पायदळाच्या साहित्याचें तपशीलवार वर्णन केलें आहे. त्यांत ढाल आहे, स्पॅनिश तलवार आहे, फेंकण्याचे दोन भाले आहेत. खंजिराचें नांव नाहीं. त्याच काळांत स्पेनच्या अंतर्भागांतील केल्टिबेरियन लोक रुंद पात्याचे आखूड खंजीर वापरीत. त्यांच्या मुठीला दोन वाटोळ्या चकत्या असत, एक मध्यें व एक माथ्यावर. इ. स. पूर्वी १३३ मध्यें स्किपिओनें वेढा देऊन नुमान्शिया हें शहर जिंकलें. त्या वेढ्याच्या छावण्या आडोल्फ शुल्टेन यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं खणून काढल्या, आणि या जातीचे खंजीर त्या प्रदेशांत मिळालेले आहेत. जिंकलेल्याचें हत्यार जिंकणाऱ्यानें उचलावें, ही रोमची जुनीच रीत. त्यांची तलवारही स्पेनचीच होती. पुढें इ. स. पूर्वी ५२ मध्यें सीझरनें आलेसियाला वेढा दिला त्या रणक्षेत्रावरही खंजीर सांपडले आहेत. म्हणजे सीझरच्या हयातींत तो रोमन सैन्यांत चांगला रुळला होता.

आतां ब्रूटसचें नाणें. वध झाला इ. स. पूर्वी ४४ च्या मार्चच्या १५ तारखेस, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांच्या आंत हें चांदीचें नाणें ब्रूटसच्या फिरत्या टांकसाळींत पाडलें गेलें. एका बाजूस त्याचें मस्तक, दुसऱ्या बाजूस मुक्त झालेल्या गुलामानें घालावयाची टोपी आणि तिच्या दोहों अंगांस दोन खंजीर; खालीं मार्चच्या मध्यदिनाचीं अक्षरें. दोन खंजिरांच्या मुठी एकसारख्या नाहींत, आणि एकीला त्या दोन स्पॅनिश चकत्या स्पष्ट आहेत. आमच्या सातवींतल्या मित्रानें नेमकें त्यावरच बोट ठेविलें होतें. आमच्या विकतच्या खंजिराचा माथा अर्धचंद्राकृति होता, आणि म्यान तर सीझरनंतर सुमारें शंभर वर्षांच्या नमुन्याचें. ब्रूटस त्या म्यानाकडे पहाता तर हें काय आहे म्हणून विचारता.

खंजीर नीट पारखावयाचा तर तो मुठीपासून पारखावा, असें आमचें मत झालें आहे. पातें दुरून पाहिलें तर बहुतेक ठिकाणीं बरें साधलेलें असतें. तें दुधारी, साधारणतः १८ ते २८ सेंटिमीटर लांब व सुमारें ५ सेंटिमीटर रुंद. मुठीपाशीं रुंद, मग कमरेंत आवळल्यासारखें, पुन्हां किंचित् फुगून अखेर लांब निमुळत्या टोंकाचें. मधोमध एक उभा कणा असतो, तो पात्याला वांकूं देत नाहीं. कांहीं पात्यांत हा कणा ठसठशीत वर आलेला, कांहींत दोन बाजूंस दोन खोबणी पाडून मध्यें राखलेला. पहिल्या शतकांतील एका जातीचें पातें अरुंद व जवळजवळ सरळ धारांचें आहे. बाजारी प्रतिकृतींत पातें अवाजवी जाड आणि आरशासारखें चकचकीत असतें. न गंजणारें पोलाद ही विसाव्या शतकांतली वस्तु आहे, हें त्या चकाकीवरूनच कळतें.

मुठीची गोष्ट वेगळी. पात्याचा जो भाग मुठींत शिरतो तो कधीं मुठीच्याच आकाराचा चपटा पत्रा असे, कधीं बारीक कांब. त्याच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या, शिंगाच्या किंवा हाडाच्या फळ्या बसवीत. त्यांवर पुन्हां लोखंडी पत्र्याचीं आवरणें. आणि या सर्व थरांतून आरपार रिव्हेट ठोकून ते एकत्र आवळीत. म्हणजे कडेनें पाहिलें असतां मूठ थराथराची दिसली पाहिजे. मध्यें बोटांस अडण्यापुरता वाटोळा फुगवटा हा सर्व काळीं कायम आहे. माथा मात्र बदलत गेला. प्रथम वाटोळी चकती, मग ऑगस्टसच्या काळापासून अर्धवर्तुळ किंवा त्याच्या जवळचे आकार. मुठीच्या लोखंडी पत्र्यावरही पुष्कळदां जडावाचें काम असे. आमच्या खंजिराची मूठ एकाच लांकडाची, कांतून व रोगण चढवून केलेली होती, आणि तिच्यावर पितळेच्या चार टिकल्या डकविलेल्या होत्या. टिकल्या रिव्हेटांचें सोंग करीत होत्या; एक तर तिसऱ्या तालमीलाच गळून पडली.

परंतु खरा रंग म्यानांत आहे. आम्ही या विषयांत जो काळ घालविला त्यांतला अर्ध्याहून अधिक म्यानांवर गेला, आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं.

गणराज्याच्या अखेरच्या काळीं म्यान चामड्याचें किंवा लांकडाचें असून त्याच्या कडांना धातूची चौकट असे. ऑगस्टसच्या काळांत लोखंडी म्यानें येतात. पहिल्या प्रकारांत पुढची व मागची अशा दोन लोखंडी पाट्या, पात्याच्या वळणाप्रमाणें कमरेंत आवळलेल्या, कडांना एकमेकींशीं जोडलेल्या; आंत लांकडाचें अस्तर. खालीं टोंकाला एक वाटोळें बोंड. दोन्ही कडांना वर एक व मध्याच्या खालीं एक अशा एकूण चार कड्या, रिव्हेटांनीं पक्क्या बसविलेल्या. दुसरा प्रकार पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पुढें येतो. त्यांत लोखंड फक्त दर्शनी बाजूस असतें आणि पाठ चामड्याची किंवा लांकडाची. लोखंड वांचलें, देखावा कायम राहिला. पुढें दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत पुन्हां चौकटीचें म्यान येतें, मात्र आतां ती चौकट लोखंडाची असते. एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्म्या चुका टळतात. मध्य पहिल्या शतकांतल्या म्यानांत ऑगस्टसच्या आधींची मूठ खुपसणें, किंवा दर्शनी एकच पाटी असलेलें म्यान व्हारसच्या सैनिकाला देणें, या चुका ज्यांनीं सर्व सुटे भाग खऱ्या नमुन्यावरून बनविले त्यांच्याकडूनही होतात. भाग खरे असतात, त्यांची सोयरीक खोटी असते.

दर्शनी पाटीवरची नक्षी हा या वस्तूचा अलंकार. पाटीचे बहुधा चार भाग पाडलेले असतात: वर दोन चौकोनी, तिसरा त्याखालीं, आणि चौथा टोंकाकडे निमुळता त्रिकोणासारखा. त्यांत कमळाच्या धाटणीचीं फुलें, पानांच्या माळा, चंद्रकोरी, ताडपत्राचे फांटे, कोठें देवळाची दर्शनी बाजू. हें सर्व रंगविलेलें नाहीं, ठोकलेलेंही नाहीं. लोखंडांत बारीक खोबणी कोरून तींत चांदीची किंवा पितळेची तार ठोकून बसविलेली असते, आणि कोठें कोठें खळग्यांत लाल मिना भरलेला असतो. बिदरी काम ज्यांनीं जवळून पाहिलें असेल त्यांस हें लगेच समजेल. बिदरचा कारागीर जस्ताच्या मिश्रधातूच्या भांड्यांत खोबणी कोरून चांदी ठोकतो, हात तोच. फरक इतका कीं रोमन कारागिराला तें लोखंडांत करावें लागे, आणि लोखंड जस्तासारखें दयाळू नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या म्यानांवर नक्षी सांच्यांत दाबून वर उठविलेली असते व खळग्यांत लाल रंग फांसलेला असतो. सबंध म्यान पिवळ्या पितळेच्या पत्र्याचें केलेलें तर सर्रास आढळतें. तें सोन्यासारखें चमकतें आणि मुलांना आवडतें. आमच्या मुलांनाही आवडलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही. जडावाच्या म्यानाचा मूळ पत्रा लोखंडाचा होता, काळसर लोखंडावर पांढरी तार उठून दिसावी हाच त्या नक्षीचा डाव होता, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

दोन म्यानांची हकीकत येथें सांगितल्याशिवाय आमच्यानें रहावत नाहीं. जर्मनींतील हाल्टर्न येथें लिप्पे नदीच्या कांठीं रोमनांचा मोठा तळ होता. व्हारसच्या सैन्याचा इ. स. ९ मध्यें संहार झाल्याच्या सुमारास तो सोडून देण्यांत आला. २०१९ सालीं तेथील दफनभूमीच्या उत्खननांत काम शिकण्यास आलेल्या एकोणीस वर्षांच्या एका तरुणाला मातीनें व गंजानें माखलेलें एक ढेकूळ मिळालें. तें साफ करण्यास सुमारें नऊ महिने लागले. आंतून खंजीर, त्याचें चांदी व लाल मिना जडविलेलें म्यान आणि कमरपट्ट्याचे अवशेष असा सबंध संच बाहेर आला. एकाच माणसाचा खंजीर, म्यान व पट्टा हे एकत्र मिळणें फार दुर्मिळ, कारण आपल्याला एरवीं जें मिळतें तें निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या काळीं टाकलेलें किंवा हरवलेलें असतें. जो मनुष्य इ. स. ९ च्या आसपासचा सैनिक उभा करूं इच्छितो त्यानें या संचाचें चित्र भिंतीवर लावून ठेवावें.

दुसरी हकीकत बव्हेरियांतील ओबरआमरगाऊ या गांवची. या गांवाचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांस ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या नाटकामुळें ठाऊक असेल. १६३३ सालीं महामारीच्या वेळीं गांवकऱ्यांनीं नवस केला, आणि १६३४ पासून ते हें नाटक करीत आले आहेत. २०२० सालचा प्रयोग साथीमुळें पुढें ढकलावा लागला, तो २०२२ मध्यें झाला. गांवचे लोक दाढ्या वाढवितात, रोमन सैनिकांचे वेष करितात, आणि सबंध जग पहावयास जातें. याच ओबरआमरगाऊच्या परिसरांत चांदीचा जडाव केलेला एक रोमन खंजीर म्यानासह मिळालेला आहे, आणि त्या जोडीवर कारागिरानें आपलें नांव घातलें आहे: गायुस आन्टोनियुस यानें केलें. ज्या गांवांत शतकानुशतकें रोमन सैनिकांचीं सोंगें होत आलीं, त्याच गांवच्या मातींतून खऱ्या खंजिराच्या कारागिराची सही निघावी! हा योगायोगच, त्यांतून कांहीं सिद्ध होत नाहीं. पण असे कारागीर आपल्या कामाला नांव घालण्यायोग्य समजत होते, हें मात्र सिद्ध होतें.

साधा शिपाई इतकें चांदीकाम कोठून करवी, असा प्रश्न एका विद्यार्थिनीनें विचारला. रोमन सैनिकाचीं शस्त्रें पुष्कळ अंशीं त्याच्या पगारांतून कापून घेतलेल्या पैशांचीं असत, आणि तो त्यांत आपली ऐपत व हौस ओती. इजिप्तमधील इ. स. २७ सालच्या एका पपायरसवर एका घोडेस्वाराच्या देण्याचा लेख आहे. त्यांत शिरस्त्राणाबरोबर हस्तिदंत बसविलेल्या खंजिराच्या म्यानाचा उल्लेख येतो. म्यान हें कर्जाच्या कागदांत येण्याइतकें मोलाचें होतें. त्याला दर्जाचाही अर्थ असे. इ. स. ६९ च्या डिसेंबरांत व्हिटेलियस बादशहा सत्ता सोडावयास निघाला तेव्हां त्यानें कमरेचा खंजीर काढून कॉन्सलच्या पुढें केला, जणूं काय नागरिकांच्या जीवितमरणावरील अधिकारच परत देत होता. कॉन्सलनें तो घेतला नाहीं. हें टॅसिटस सांगतो. त्याचीच आणखी एक गोष्ट इ. स. ४७ च्या सुमाराची आहे. कॉर्बुलो हा सेनापति शिस्तीचा इतका कडक कीं तटाचें काम करतांना एक सैनिक शस्त्रावांचून व दुसरा केवळ खंजीर लावून आला, म्हणून त्यानें दोघांस देहान्त शासन केलें. टॅसिटस स्वतःच म्हणतो कीं यांत अतिशयोक्ति असेल. पण गोष्ट रचणाराला देखील खंजीर म्हणजे पुरतें शस्त्र नव्हे, हें ठाऊक होतें.

खंजीर कोणत्या बाजूस लावावा हा वाद फार गोड आहे, कारण त्यांत दोन चांगले साक्षीदार एकमेकांविरुद्ध उभे रहातात. जोसीफस हा यहुदी इतिहासकार इ. स. ६६ नंतरच्या युद्धांत रोमनांशीं लढला व पुढें त्यांच्या छावणींत राहिला. म्हणजे पाहिलेलें लिहिणारा. तो म्हणतो कीं पायदळाच्या डाव्या कमरेस लांब तलवार असते व उजव्या कमरेस वीतभर खंजीर. उलट ऱ्हाइन नदीच्या कांठच्या कबरींवरील शिळा पहा. दाल्मेशियन पथकांतील अन्नायुस डावेर्झुस नांवाच्या सैनिकाची शिळा आहे. त्याचे दोन पट्टे कमरेवर एकमेकांस छेदून गेलेले, तलवार उजवीकडे आणि खंजीर डावीकडे, अगदीं स्पष्ट. दुसऱ्याही शिळांवर तसेंच. मग जोसीफस चुकला काय? इंग्लंडमधील कोल्चेस्टर येथें फॅसिलिस नांवाच्या सेंच्युरियनची शिळा आहे. त्याची तलवार डावीकडे व खंजीर उजवीकडे आहे. शतनायकांचा रिवाज शिपायांच्या उलट होता असें यावरून दिसतें, आणि जोसीफसच्या नजरेंत अधिकारी भरले असावेत हा तर्क आम्हांस पटतो. शिपायाच्या कमरेला खंजीर डावीकडे द्यावा, हा आमचा निर्णय. पण ज्याला उजवीकडे द्यावयाचा असेल त्यानें शतनायकाचें सोंग घ्यावें, म्हणजे त्याला जोसीफस व फॅसिलिस असे दोघेही साक्षीदार मिळतील.

त्याच शिळांवरून टांगण्याचीही रीत दिसते. पट्ट्यावर पुढें आलेल्या बोंडांसारख्या गुंड्या असत, आणि म्यानाच्या वरच्या दोन कड्या चामड्याच्या पट्टींनीं त्यांस अडकवीत. खालच्या दोन कड्या बहुधा मोकळ्याच दिसतात. आमच्या मुलांनीं चारही कड्या सुतळीनें पट्ट्याला बांधल्या होत्या. त्यामुळें खंजीर मांडीला घट्ट बसला, आणि सीझरजवळ पोंचल्यावर तो उपसतां उपसतां ब्रूटसला दोन वाक्यें अधिक म्हणावीं लागलीं.

शिळांवर विश्वास ठेवतांना एक सावधगिरी मात्र पाहिजे. रोम येथें इ. स. ११३ मध्यें उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावर शेंकडों सैनिक कोरलेले आहेत, परंतु एकाच्याही कमरेस खंजीर नाहीं. यावरून खंजीर तोंपर्यंत प्रचारांतून गेला असा निष्कर्ष कांहींनीं काढला होता. पण पुढें १९६२ सालीं बव्हेरियांत क्यून्त्सिंग येथील किल्ल्यांत तिसऱ्या शतकांतील लोखंडी वस्तूंचा मोठा सांठा सांपडला, आणि त्यांत पन्नासाहून अधिक खंजिरांचीं पातीं व सुमारें तीस म्यानें निघालीं. पातीं पूर्वीच्यापेक्षां मोठीं, म्यानें चौकटीचीं, चांदीचा पत्ता नाहीं. स्तंभ कोरणारे शिल्पी राजधानींत बसून काम करीत होते. त्यांनीं जें वगळलें तें सीमेवरच्या शिपायानेंही वगळलें होतें असें नाहीं.

यंदाच्या प्रवेशाचें ठरलें आहे तें असें. पिलात सुभेदार असतांना, म्हणजे इ. स. २६ ते ३६ या काळांत, यरुशलेमेंत जो शिपाई पहाऱ्यावर असे तो आम्हांस दाखवावयाचा आहे. येथें एक नेहमींची चूक प्रथमच टाळली पाहिजे: त्या वेळीं यहुदियांत रोमन लीजन तळ देऊन नव्हती, लीजनी शेजारच्या सीरियांत होत्या. सुभेदाराच्या हाताखालीं सहाय्यक पथकें असत, आणि त्यांतले पुष्कळ शिपाई सेबास्ते व कैसरिया या जवळच्याच शहरांतले. म्हणून आमचा शिपाई सहाय्यक पथकाचा. त्याला खंजीर द्यावा कीं नाहीं? डावेर्झुस सहाय्यक पथकाचाच होता आणि त्याच्या कमरेस खंजीर आहे. तेव्हां द्यावयास हरकत नाहीं. पूर्वेकडे सांपडलेले खंजीर ऱ्हाइन व डॅन्यूबच्या मानानें फार थोडे आहेत, म्हणून नमुना तिकडचा घेणें भाग आहे. कालाच्या दृष्टीनें दोन लोखंडी पाट्यांचें म्यान, अर्धचंद्राकृति माथ्याची थरांची मूठ, मध्यें कणा असलेलें रुंद पातें. चांदी अगदीं थोडी; चार पथकऱ्यांपैकीं एकाच्या म्यानावर फुलें व इतरांचीं साधीं. सर्वांना सारखींच भरजरी म्यानें देणें हें नाटकमंडळीला शोभेल, पहाऱ्याला नाहीं.

वस्तु विकत आणावी कीं येथेंच करावी, याचा विचार झाला. अशा प्रतिकृति करून परदेशीं पाठविणारे कारखाने आपल्याच देशांत, उत्तर प्रदेशांत आहेत, आणि त्यांच्याकडे चांगला व वाईट असा दोन्ही माल मिळतो. गेल्या वर्षीं आम्हीं चित्रावरून आणविला त्यांत विकणाऱ्यापेक्षां आमचाच दोष अधिक: कोणत्या सांपडलेल्या खंजिरावरून हा केला आहे, एवढा एक प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. ज्याला त्याचें उत्तर देतां येत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. शिवाय शाळेंत खरें पातें नकोच. खंजीर हें हत्यार १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत नांवानिशीं आलेलें आहे, आणि कायदा नसता तरी पंधरा वर्षांच्या चार मुलांच्या हातीं धारेचें पोलाद देऊन पडदा वर करण्याची आमची छाती नाहीं.

म्हणून सुतारकामाच्या वर्गानें शिसवीचीं चार पातीं तासून दिलीं आहेत. कणा रंध्यानें साधत नव्हता. तो शेवटीं कानसेनें काढला. म्यानाच्या पाट्या जुन्या डब्याच्या पत्र्याच्या आहेत, आगीवर काळ्या केलेल्या, आणि आंत लांकडाचें अस्तर आहे. मुठीला लांकडाच्या दोन फळ्यांवर तोच काळा पत्रा बसवून खरे रिव्हेट मारले. पहिल्या मुठीच्या फळ्या चिरल्या, दुसरीपासून भोंकें आधीं पाडलीं. चांदीऐवजीं तांब्याची कल्हई केलेली तार खोबणींत ठोकण्याचें काम चालू आहे, आणि तें सातवींतून आतां आठवींत गेलेल्या त्या मुलानें आपणाकडे मागून घेतलें. तीन भाग झाले. चौथ्या, निमुळत्या भागांत ताडपत्राचा फांटा बसतां बसत नाहीं. पत्रा पातळ आहे, खोबण खोल केली कीं मागें फुटते. त्यानें काल येऊन विचारलें कीं हा भाग काळ्या शाईनें रंगवून टाकला तर चालेल काय, प्रेक्षकांस तेथून दिसणार नाहीं. आम्हीं कांहीं बोलण्याच्या आधींच तो स्वतःच नको म्हणाला, आणि जाड पत्रा कोठें मिळेल तें विचारूं लागला. गेल्या वर्षींचा पितळी खंजीर इतिहासाच्या वर्गांतील कपाटांत ठेविला आहे. त्याला एक चिठ्ठी बांधली असून तीवर त्यांतल्या चुका क्रमानें लिहिल्या आहेत. चिठ्ठीवर खालीं आमची सही आहे.